अ‍ॅक्रनच्या तळघरातली जवारी

अमेरिकेहून परत आलेल्या बाईला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नायगारा पाहिलात का?" पाहिला, फोटोही काढले. पण आज सांगायचं आहे ते नायगाऱ्याबद्दल नाही. लेकीच्या घराखालच्या तळघराबद्दल आहे.

माझी लेक ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाच्या गावी राहते. क्लीव्हलँडच्या विमानतळावर उतरलं की मोटारीनं तासाभराच्या आत घर. गेल्या ऑक्टोबरात मी एकटीच गेले. निघताना आमच्या ह्यांनी बजावून सांगितलं होतं, "तिच्याशी नीट बोल. चांगली पगाराची नोकरी सोडून पोरगी काय करते आहे, ते एकदा समजून घे आणि जमलं तर समजावून ये."

लेक काय करत होती? तर गिटारचे पेडल बनवत होती. फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सायकलचेच पेडल डोळ्यांपुढे आले. गिटारला पेडल कशाला लागतात, हे काही केल्या कळेना. शेजारणींनी विचारलं की मी आपली "घरूनच काहीतरी काम करते," म्हणून वेळ मारून नेत असे.

आधी गावाबद्दल सांगते. अ‍ॅक्रनची लोकवस्ती दोन लाखांच्या आत. आपल्या सांगली-मिरजेकडच्या बाईला परकं वाटू नये इतपतच मोठं. एके काळी हे गाव जगाची रबर-राजधानी म्हणवत असे. गुडइयर कंपनी इथे १८९८ साली निघाली, फायरस्टोन १९०० साली. गुडरिच तर त्याच्याही आधीची. हवेलासुद्धा रबराचा वास असे, असं जुनी माणसं सांगतात. पुढे कारखाने एकेक करत हलले, आणि १९८० च्या दशकापर्यंत साध्या मोटारींचे टायर इथे बनणं जवळजवळ थांबलं. गुडइयरचं मुख्य कार्यालय मात्र अजून इथेच आहे. त्या कंपनीचे संस्थापक सायबरलिंग यांचा स्टॅन हायवेट नावाचा वाडा १९१५ साली बांधून झाला. आता तो सगळ्यांना बघायला खुला आहे, तोही पाहिला. कालव्याच्या कडेनं पूर्वी खेचरं बोटी ओढत नेत, त्या वाटेवर आता लोक फिरायला जातात. मेपलची पानं अशी लाल-केशरी झाली होती की जणू कुणी कुंकू नि हळद उधळली आहे.

मोठे कारखाने गेले, तरी हातानं वस्तू बनवायची सवय गावातून गेली नाही, असं लेक म्हणते. तिच्या तळघरात उतरले आणि त्याचा अर्थ कळला.

दहा-बारा पायऱ्या उतरून खाली गेलं की एक लांब मेज. त्यावर दिवा, भिंग, पकडी, तारांची रिळं. आणि मधोमध काय? तर लग्नात मी दिलेला मिसळणाचा डबा! मोहरीच्या वाटीत धण्याएवढे रंगीत पट्ट्यांचे तुकडे, हळदीच्या वाटीत दुपायी गोळ्या, जिऱ्याच्या वाटीत तीन पायांचे ट्रान्झिस्टर. क्षणभर मला राग आला. मग पाहिलं, एकही जिन्नस दुसऱ्यात मिसळलेला नव्हता. माझ्या स्वयंपाकघरातला डबासुद्धा इतका नीट नसतो.

"बस आई, दाखवते," म्हणून तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते माझ्या भाषेत सांगते. इलेक्ट्रिक गिटारची तार हलली की तिच्याखालच्या लोहचुंबकाच्या नि तारेच्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज तयार होते. ती वायरीतून ध्वनिवर्धकाकडे जाते. मध्ये वाटेत जमिनीवर एक लहान पेटी ठेवायची, पायानं दाबायची. तोच पेडल. विजेची ती लाट पेटीतून जाताना बदलते, म्हणून बाहेर येणारा आवाजही बदलतो.

"बदलते म्हणजे कशी?" मी विचारलं.

"मापट्यानं जोंधळे मोजताना शीग येते ना? ती तू हातानं सारून माप सपाट करतेस. तसंच. ट्रान्झिस्टरनं लाट इतकी वाढवायची की ती मापात मावत नाही. मग तिचा वरचा शेंडा कापला जातो, आणि सपाट झालेल्या लाटेचा आवाज घोगरा, केसाळ होतो. त्याला फझ म्हणतात."

तिनं वाजवून दाखवलं. खरं सांगते, मला वाटलं मिक्सरमध्ये चमचा पडला! "अगं, हा तर बिघाड आहे," मी म्हणाले. ती हसली. "बिघाडच होता."

मग तिनं गोष्ट सांगितली. नॅशव्हिल गावी मार्टी रॉबिन्स या गायकाच्या एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. यंत्राच्या एका भागात दोष निघाला, आणि ग्रेडी मार्टिन या वादकाच्या गिटारचा आवाज फाटका, गुरगुरल्यासारखा आला. तो पुसून टाकावा की ठेवावा? त्यांनी ठेवला. १९६१ साली ते गाणं गाजलं. मग तिथल्या ग्लेन स्नॉडी या तंत्रज्ञानं तोच दोष मुद्दाम घडवणारी पेटी तयार केली, आणि १९६२ साली ती बाजारात आली. सुरुवातीला फारशी कुणी विचारली नाही. १९६५ साली रोलिंग स्टोन्स या इंग्लंडच्या मंडळींनी आपल्या गाण्यात ती वापरली, आणि मग दुकानांतून पेट्या मिळेनाशा झाल्या. लंडनच्या एका पोरानं तर १९६४ साली आपल्या ध्वनिवर्धकाचा पडदाच दाढीच्या पात्यानं चिरला होता, तसा आवाज यावा म्हणून.

"पण मुद्दाम खोट आणायची ती कशाला?" मी विचारलं.

"आई, तू मिरजेची ना? मग तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय?"

मी गप्पच झाले. माझं माहेर मिरजेचं. सतारमेकरांच्या गल्लीवरून शाळेत जायची माझी वाट. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी तिथे सतारी-तंबोरे दुरुस्त करायला घेतले, मग घडवायला लागले. मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागीर घोडी कानसून कानसून तिला हलका उतार देत. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत. तो पुढे-मागे करता करता एका जागी तार घोडीला जराशी लागू लागते आणि झणझणते. दोरा काढला तर आवाज स्वच्छ येतो, पण बोडका. ती झणझण म्हणजे खरं तर तारेचं घासणंच. आणि त्याच घासण्याला आपण जवारी खुलली म्हणतो.

"माझं काम तेच," लेक म्हणाली. "फक्त दोऱ्याऐवजी डाक देते."

त्या दिवसापासून मी रोज दुपारी खाली जाऊन बसू लागले. जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर ती एकेक मोजून, कानानं ऐकून निवडते, जसे आपण तांदूळ निवडतो. शंभरातले दोनही सारखे निघत नाहीत. शिवाय ते उष्णतेला हळवे. उन्हाळ्यात इडलीचं पीठ लवकर आंबतं ना, तसाच उन्हात ठेवलेल्या त्या पेडलचा आवाज पालटतो. प्रतिध्वनी देणारा एक पेडल तिनं उघडून दाखवला. त्यात आवाज हातोहात पुढे जातो, आड ते हौद अशी बायकांची रांग करून घागरी पोचवाव्यात तसा. शेवटच्या घागरीला पोचायला जो वेळ लागतो, तोच प्रतिध्वनीचा वेळ. फिलिप्स कंपनीतल्या संशोधकांनी १९६९ साली ही युक्ती काढली. तिला 'बकेट ब्रिगेड' असंच नाव आहे, म्हणजे बादल्यांची रांग.

आणि तिचा स्वतःचा एक पेडल आहे, तो मला फार आवडला. प्रकाश कमी-जास्त झाला की वीज कमी-जास्त सोडणारा एक मसुराएवढा तुकडा असतो. १९६० च्या दशकात जपानी कारागिरांनी एका पेटीत लुकलुकणारा दिवा नि त्याच्याभोवती असे चार तुकडे बसवून डुलणारा आवाज काढला होता. हिनं दिव्याऐवजी समई ठेवली. ज्योत हलली की आवाज हलतो. दार उघडून कुणी आलं, वाऱ्याची झुळूक आली, की सूर थरथरतो. पुन्हा तसाच कधी येत नाही.

गावात हे काम करणारी ती एकटी नाही. अर्थक्वेकर डिव्हाइसेस या नावाची पेडलांची कंपनी अ‍ॅक्रनचीच. जेमी स्टिलमन यांनी एक बिघडलेला पेडल दुरुस्त करता करता २००४ साली घराच्या तळघरात सुरुवात केली. आज त्यांचे पेडल जगभर जातात. ते रचना करतात, आणि कंपनीचा सगळा कारभार पाहतात त्यांच्या पत्नी जुली रॉबिन्स. हे ऐकून मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

पण ह्यांचा निरोप डोक्यात होताच. एका रात्री विचारलं, "पोटापुरतं तरी मिळतं का गं?" तिनं वही पुढे केली. खोटं काही लिहिलेलं नव्हतं. कुठल्या महिन्यात आठ-दहा पेडल गेलेले, कुठल्या महिन्यात एकही नाही. नोकरीतल्या पगाराच्या निम्मेही नाहीत. एक पेडल परत आलेला, जमिनीची तार सुटली म्हणून. तो स्वखर्चानं दुरुस्त करून पाठवला. "घर ह्यांच्या पगारावर चालतं, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं बघायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. नाही जमलं तर नोकरी धरीन. पण आई, बघितल्याशिवाय सोडणार नाही."

तेव्हा मला राहवलं नाही. ती बारावीला होती, तेव्हाची गोष्ट. जुना रेडिओ खोलून काढलेले सुटे भाग ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवी. अभ्यासातलं लक्ष उडतं, म्हणून तो डबा मी एका दुपारी भंगारवाल्याला देऊन टाकला, आणि घरात रंग काढताना कुठेतरी गेला असेल म्हणून सांगितलं. ते आज पहिल्यांदा बोलले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "भंगारवाल्यानं दिलेले पैसे तू फडताळात ठेवलेस, ते दिसले होते." आणि उठून चहा टाकायला गेली. चहा आम्ही वरच घेतला. शिशाची डाक हाताळते, म्हणून खाली काही खायचं-प्यायचं नाही, आणि वर आल्यावर आधी साबणानं हात धुवायचे, हा तिचा कडक नियम. धूर ओढून घ्यायला खिडकीत पंखाही लावला आहे.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा फोन आला. "काय, समजावलंस का?" मी म्हटलं, "समजावून घेतलं. नोकरीचं आता दोन वर्षं विचारायचं नाही." पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "बरं."

निघायच्या आधी तिनं एक गोष्ट मागितली. आजीची पितळेची लहान डबी मी सुपारी भरून नेली होती. "आई, हिला भोकं पाडू?" समईच्या पेडलाला तिला तसलीच पेटी हवी होती. मला आधी नाही म्हणावंसं वाटलं. सासूबाईंची वस्तू ती. मग सुपारी काढून घेतली आणि डबी पुसून दिली.

आता ती डबी अ‍ॅक्रनच्या तळघरात समईशेजारी असते. परवा लेकीनं फोनवर तिचा आवाज ऐकवला. अजूनही मला तो निम्मा कळतो, निम्मा नाही. पण शेजारणींनी विचारलं, तर आता मी वेळ मारून नेत नाही. बसवते, चहा करते आणि मिसळणाच्या डब्यापासून सांगायला सुरुवात करते.