वाघूरच्या घळीत

मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना राजूरचा घाट चढावा लागतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेची उत्तरेकडील उतरण ती हीच. या रांगेतून वाहत येणारी आपली नळगंगा पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. याच रांगेत पश्चिमेकडे उगम पावलेली वाघूरही अखेर तापीलाच जाते. वाटेत तिने काळा कातळ कापून घोड्याच्या नालासारखी घळ कोरली आहे. तिच्या सुमारे 76 मीटर उंच कड्यात अजिंठ्याची 30 लेणी आहेत. एवढे आम्हांस पाठ्यपुस्तकातून ठाऊक होते. त्या कड्याची ओळख आमच्या पायांना मात्र नव्हती.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली आणि त्याच आठवड्यात वसतिगृहातील आम्ही 32 मुलेमुली, तीन शिक्षकांसह, अजिंठ्यास निघालो. लेण्यांच्या दारापर्यंत बसने न जाता लेणापूरच्या बाजूने पठारावर जावे, समोरच्या कड्यावरून घळीत उतरावे आणि नदीच्या पात्रातून सातकुंडाच्या धबधब्याच्या पायथ्याशी पोहोचावे, असा बेत होता. कपाशीच्या सरींतून आणि काळ्या मातीच्या ढेकळांतून चालण्याची सवय आम्हा सर्वांस होती. डोंगर उतरण्याची सवय फार थोड्यांना होती आणि ओल्या खडकावरून चालणे कोणालाच माहीत नव्हते.

पठाराच्या कडेवर उभे राहिले की सारी घळ एका दृष्टिक्षेपात येते. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या भागात आला आणि त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली, असे सांगतात. त्या लेण्यातील खांबावर त्याने कोरलेले आपले नाव अजूनही आहे. आम्ही त्या कमानीकडे पाहिले खरे, पण मन मात्र पायांखालच्या उतारात गुंतले होते. सुट्या दगडांवरून पाऊल घसरत होते. आमच्यातील धाकटी मुले बसत बसत उतरू लागली, तेव्हा थोरली हसली. पुढच्या वळणावर थोरलीही बसली.

खाली पात्रात पाऊस ओसरल्यानंतरचे पाणी खळाळत होते. शाळेचे कापडी बूट शेवाळावर टिकेनात, म्हणून वाटाड्याच्या सांगण्यावरून आम्ही ते काढून गळ्यात अडकवले. अनवाणी पायांनी खडक चाचपता येतो. पुढच्याने पाऊल ठेवले तो दगड हलतो की नाही, हे मागच्यास सांगायचे, असा नियम आम्हीच केला. काही वेळाने घळीत पाण्याशिवाय दुसरा आवाज उरला, तो 'हलतो' आणि 'हलत नाही' या शब्दांचाच.

अर्ध्या वाटेवर पुरुषभर उंचीची कातळाची पायरी आडवी आली. तिच्यावरून पाणी पसरून वाहत होते. पाच-सहा थोरली मुले वर चढली. उरलेली खाली उभी राहिली. सातवीतली एक मुलगी दोनदा चढून दोनदा खाली सरकली. तिचे हात थरथरू लागले. वाटाडा वरच्या ढगांकडे पाहून म्हणाला, "डोंगरावर पाऊस लागला, की हितं पानी सांगून येत नाही." धबधब्याचा आवाज वळणापलीकडून येत होता. आमच्या सरांनी निर्णय आमच्यावर सोपवला.

आपल्या शाळेत वसतिगृहाचे निर्णय संघाच्या रीतीने होतात, हे येथील प्रत्येक विद्यार्थी जाणतो. विनयात सांगितल्याप्रमाणे ठराव मांडायचा, तीनदा विचारायचे. ज्याचा विरोध असेल त्याने बोलावे आणि ज्याची संमती असेल त्याने मौन राखावे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी याच परंपरेची आठवण दिली होती. ठराव, गणपूर्ती, मतदान या संसदीय रीती बौद्ध भिक्खुसंघास ठाऊक होत्या, असे त्यांनी सांगितले. परीक्षेसाठी आम्ही हे अनेकदा लिहिले होते. त्या दिवशी घोटाभर पाण्यात उभे राहून तेच आचरणात आणायचे होते.

"येथून पुढे कोणीही जाऊ नये," असा ठराव मांडला गेला. पहिल्यांदा सारे गप्प राहिले. दुसऱ्या वेळी वर चढलेल्यांपैकी एक जण बोलला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. पुढच्या वर्षी तो शाळेत असेल की त्यांच्याबरोबर फडावर, हे त्याला माहीत नव्हते. तो म्हणाला, "तुम्ही पुन्हा याल. मला एवढ्यात पाहून घेऊ द्या." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्यावर कोणापाशीही उत्तर नव्हते. सातवीतली ती मुलगी म्हणाली, "मी इथेच बसते, तुम्ही जा." तेव्हा तोच खाली उतरला आणि तिच्या शेजारी बसला. तिसऱ्यांदा विचारले गेले. तो काही बोलला नाही.

त्या मौनात आनंद नव्हता, हे आम्ही सर्वांनी पाहिले. संमती आणि समाधान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकाची संमती मिळाली, की त्याच्या उरलेल्या असमाधानाची जबाबदारी संघावर येते, हे आम्हांस तेथे उमगले. वर्षावासाची कथाही अशीच आहे. पावसाळ्यातही भिक्खू फिरतात, हिरवे अंकुर आणि लहान जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा भगवंतांनी संघाला तीन महिने एका ठिकाणी थांबण्यास सांगितले. चालणे हेच ज्यांचे जीवन होते, ते दुसऱ्यांच्या जिवासाठी थांबले. अशा थांबलेल्या पायांच्या निवाऱ्यासाठीच विहार कोरले गेले.

खडकावर बसून आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले आणि परतलो. आज सर्व लेण्यांना जोडणारी पायवाट अलीकडची आहे. पूर्वी बहुतेक लेण्यांना नदीतून वर जाणारे आपापले जिने होते. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने संघाला अर्पण केलेल्या सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी दगडी हत्ती आहेत. नदीकडून आलेल्या आम्हांस ते स्वागताला उभे असल्यासारखे वाटले. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची सुमारे 7 मीटर लांबीची मूर्ती आहे. आमच्या पायांना खरचटले होते; तरीही तिच्यासमोर आम्ही बराच वेळ उभे राहिलो. भगवंतांच्या अखेरच्या उपदेशाचा गाभा अप्रमाद, म्हणजे सावधपणा. पावलापावलाला दगड चाचपून आलेल्यांना तो शब्द समजावून सांगावा लागला नाही.

परतल्यावर त्याच आठवड्यात वसतिगृहाच्या सभेत दुसरा ठराव आला. आईवडील ऊसतोडीला गेले तरी आमच्यातील कोणाचेही शिक्षण सुटू नये, यासाठी शिक्षकांनी त्याच्या घरी जाऊन बोलावे आणि तो वसतिगृहातच राहावा, असा तो ठराव होता. तीनदा विचारले गेले. या वेळी मौन होते, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे आम्हांस भय वाटले नाही.