पिशव्या कोण सांभाळणार?

मार्च उजाडला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एकाला पाणी हवं असतं, दुसऱ्याला उंची. मुलाला खोपोलीच्या इमॅजिका पार्कातला ‘नायट्रो’ हवा आहे. त्या रोलर कोस्टरच्या डब्याला तळच नाही. पाय अधांतरी लोंबत ठेवून तो माणसाला उलटंपालटं करतो. नवऱ्याला क्रूझ हवी आहे, म्हणजे खरं तर झोप हवी आहे. मुंबई–गोवा जहाजाच्या जाहिरातीत डेकवर रिकाम्या आरामखुर्च्यांची एक ओळ दिसते, ती तो पुन्हापुन्हा बघत बसतो. सासूबाई कुठल्याच पक्षात नाहीत. त्यांचा प्रश्न एवढाच, “ही बोट वेंगुर्ल्याक थांबता काय?”

थांबत नाही. आता बॅलार्ड पिअरवरून निघणारं जहाज कोकणचा सगळा किनारा डाव्या हाताला ठेवून सरळ गोव्याला जातं. जयगड नाही, विजयदुर्ग नाही, देवगड नाही. सासूबाईंची बोट या सगळ्यांना भेटत जायची. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. खालच्या डेकवर चादर अंथरून जागा धरायची, ट्रंकेला टेकून बसायचं, शेजारच्या अनोळखी बाईच्या डब्यातलं लोणचं आपल्या भाकरीवर घ्यायचं. बंदराला धक्का नसेल तिथे बोट दूर उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. काखेत पोर आणि हातात बोचकं घेऊन, लाटेने पडाव वर उचलला की नेमक्या त्या क्षणी बाईमाणसाने त्यात उतरायचं. मे महिन्यात माहेरी जाताना सासूबाई असं कितीदा उतरल्या असतील. “माका बोट कधी लागूक नाय,” हे त्या अजून अभिमानाने सांगतात. डेकवर ओकाऱ्या काढणाऱ्या पुरुषांची नक्कलही करून दाखवतात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असायची. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं त्या घरातल्या माणसांची घ्यावीत तशी घेतात. ऐंशीचं दशक संपता संपता ती बोट कायमची बंद पडली.

गंमत अशी की आता मुंबईहून जी ‘कॉर्डेलिया एम्प्रेस’ निघते, ती त्याच सुमारास, १९९० साली, फ्रान्समध्ये बांधून झाली. तेव्हाचं तिचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. मायामीहून बहामा बेटांपर्यंत तीन-चार रात्रींच्या लहान सफरी करायच्या, एवढ्यासाठीच तिची आखणी झाली होती. तीसेक वर्षं तिकडची माणसं हिंडवून ती २०२१मध्ये आपल्याकडे आली. कोकणच्या बोटीला पोचायचं असायचं, हिला पोचण्याची काही घाई नाही. मुळात सहलीच्या जहाजांचा जन्मच असा झाला. हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालिनला प्रश्न पडला होता, की हिवाळ्यात अटलांटिक खवळला म्हणजे आपली जहाजं नुसती बांधून काय ठेवायची? १८९१च्या जानेवारीत त्याने ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ जहाजावर २४१ प्रवासी घेतले आणि भूमध्य समुद्रात फिरवून परत आणले. कुठेच जायचं नाही आणि त्याचेही पैसे द्यायचे, हे लोकांना आवडलं. पुढे १९५८मध्ये जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली, तेव्हा पोचवणाऱ्या जहाजांचा धंदा ओसरत गेला आणि हिंडवणारी उरली. आज जगभर पसरलेल्या कार्निव्हल कंपनीचं पहिलं जहाज १९७२ साली पहिल्याच सफरीत मायामीच्या दारात वाळूत रुतलं होतं. रुतलेल्या जहाजावरही लोकांनी मजा केली म्हणतात. पोचायचं नसलं की रुतण्याचंही फारसं वाईट वाटत नसावं.

पार्कचा जन्म मात्र एका बाकावर झाला. वॉल्ट डिस्ने दर शनिवारी आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात असे. मुली मेरी-गो-राउंडवर गोल गोल फिरायच्या आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसून राहायचा. आईबापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा का नसावी, हा विचार आपल्याला त्या बाकावर सुचला, असं त्याने पुढे सांगितलं. १७ जुलै १९५५ला डिस्नेलँड उघडलं. त्या दिवशी ऊन इतकं होतं की नव्या डांबरात बायकांच्या टाचा रुतत होत्या, प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे होते, आणि बनावट पास घेऊन शिरलेल्यांची गर्दी वेगळीच. (१७ जुलै ही तारीख सासूबाईंच्या पिढीला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १९४७ साली याच दिवशी, गटारीच्या अवसेला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीने जायचं म्हटलं की घरातलं एखादं जुनं माणूस अजून देवाला हात जोडतं, ते उगाच नाही.)

माझं सगळं म्हणणं या बाकापाशी येऊन थांबतं. ज्या बाकावरून उठायचं म्हणून पार्क उभं राहिलं, तो बाक पार्कमधून काही हलला नाही. कुठल्याही पार्कात जाऊन बघा. मोठ्या पाळण्याच्या दाराशी एक उंची मोजायची पट्टी असते, आणि तिच्या शेजारी एक फलक. हृदयविकार, पाठीचं दुखणं, मानेचं दुखणं, रक्तदाब, गरोदरपण. त्या फलकाने एकेका कुटुंबाचे दोन तुकडे होतात. एक तुकडा किंचाळत वर जातो. दुसरा खाली सावली शोधतो आणि बाक दिसला की बसतो. त्याच्या मांडीवर, पायाशी, दोन्ही खांद्यांवर पिशव्या असतात. त्यात ओले टॉवेल, चार जणांचे मोबाइल, तीन चष्मे, कुणाची तरी एकच चप्पल, गोळ्यांची डबी, दाराशी तपासणीतून कसाबसा वाचलेला चिवडा. बहुतेक वेळा ही आजी असते. आजी नसेल तर आई. बाप क्वचित, आणि तोही त्या दिवशी गुडघा धरला असला तरच.

मी त्या बाकावर भरपूर बसले आहे, तेव्हा मला तिथली माणसं ओळखू येतात. ती एकमेकींशी बोलतात. “तुमचे कितीजण वर आहेत?” असं एखादी विचारते, आणि दोघीही माना वर करून एकाच डब्याकडे बघत राहतात. डबा कड्यावर आला की नकळत हात पिशवीवर घट्ट होतो. खाली आलेली मुलं लाल चेहऱ्याने धावत येतात, पाणी मागतात, बाटली रिकामी करतात आणि पुढच्या रांगेकडे पळतात. बाकावरचं माणूस उठतं, पिशव्या उचलतं, पुढच्या बाकाकडे चालू लागतं. त्याने तिकिटाचे पैसे पूर्ण दिलेले असतात. दिवसभरात त्याच्या वाट्याला काय आलं हे घरी परतताना गाडीत कुणी विचारत नाही, कारण सगळे झोपलेले असतात.

आमच्या लहानपणी जहाज की पार्क, ही निवड करावीच लागली नाही. १९८९मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. तिथे जायला मालाडहून मार्वे गाठायचं आणि पुढे लाँच. खाडीचा तो जेमतेम काही मिनिटांचा पल्ला. डिझेलचा वास, तिवरांची हिरवी रेघ, लाँचच्या कडेने उडणारं पाणी हातात धरायला वाकलेली पोरं आणि त्यांच्या फ्रॉकचं, शर्टाचं टोक पकडून बसलेल्या आया. क्रूझ आणि पार्क एकाच तिकिटात! माझ्या आईला पाळण्यांत रस नव्हता, पण लाँचमध्ये ती पुढच्या फळीवर जाऊन बसायची आणि तिचा पदर वाऱ्यावर उडायचा. त्या दिवसातली तिची सहल तेवढीच. आता एस्सेलवर्ल्डचे पाळणे थांबले आहेत. शेजारी २००९ साली विपश्यनेचा मोठा सोनेरी पॅगोडा उभा राहिला. किंचाळायला यायची ती जागा आता गप्प बसायला येणाऱ्यांची झाली आहे.

असं असलं तरी पार्कची एक बाजू मी घेणारच, आणि ती पाळण्यांची नाही. रांगेची आहे. पार्कवाल्यांची सगळी कारागिरी रांगेत असते. दोऱ्या अशा नागमोडी बांधतात की आपण कायम पुढे सरकतोय असं वाटावं. पाटीवरचा वेळ थोडा वाढवून लिहितात, म्हणजे नंबर लवकर लागला याचाच आनंद व्हावा. डिस्नेने १९९९मध्ये रांग टाळायची चिठ्ठी फुकट देऊन पाहिली. आता तीच सोय विकत घ्यावी लागते. पण त्या रांगेत माझा पंधरा वर्षांचा मुलगा माझ्याशी बोलतो. घरी त्याच्या खोलीचं दार बंद असतं आणि उत्तरं एका शब्दाची. रांगेत त्याला जायला जागा नसते. मोबाइल पिशवीत गेलेला असतो. मग तो आधी पाळण्याबद्दल बोलतो, मग वर्गातल्या एका मित्राबद्दल, मग अचानक, माझ्याकडे न बघता, आपल्याला कशाची भीती वाटते त्याबद्दल. पुढचा माणूस सरकतो, आम्ही सरकतो. नंबर इतक्यात लागू नये, असं मला मनापासून वाटतं. सत्तर-ऐंशी सेकंदांच्या झोकांडीसाठी माणसं एवढा वेळ उभी राहतात, याला मी पूर्वी हसत असे. आता रांग टाळायचं महाग तिकीट मी मुद्दाम घेत नाही.

जहाजावर हे होत नाही. जहाज माणसांना विखरून टाकतं. अकरा मजले, त्यावर पोहण्याचा तलाव, जादूचे प्रयोग, मुलांची वेगळी खोली, जुगाराची वेगळी. सकाळी जो तो आपल्या मजल्यावर जातो आणि जेवणाच्या टेबलाशी सापडतो. सगळं तिकिटात आहे असं सांगतात खरं, पण सरबत, वायफाय, बक्षिशी असं करत करत शेवटच्या दिवशी दाराखालून बिल सरकतं, तेही वाचून बघावं. हल्लीच्या राक्षसी जहाजांनी तर पार्कच पोटात घेतलं आहे. २०२४मध्ये मायामीहून निघू लागलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर सहा घसरगुंड्यांचं वॉटरपार्क आहे, आणि डिस्नेची स्वतःची जहाजं १९९८पासून समुद्रात आहेत. समुद्राकडे पाठ करून घसरगुंडीच्या रांगेत उभं राहायचं, तर खोपोली काय वाईट?

पण जहाजाची एक गोष्ट पार्कला कधी जमणार नाही. तिथे बाकच चालतो. जी बसून आहे तीही प्रवासात आहे. सासूबाई डेकवर खुर्ची घेऊन बसल्या, की रायगडचा, रत्नागिरीचा किनारा त्यांच्यासमोरून जाईल. त्यांना कुणी उंची विचारणार नाही, गुडघे विचारणार नाही. निघताना सगळ्यांकडून आणीबाणीची कवायत करून घेतात. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर जे नियम झाले, त्यांतून आलेली ही सक्ती. त्यात सासूबाईंना लाइफ जॅकेट दाखवतील, तेव्हा त्या नक्की विचारतील, की हे ‘रामदास’वर का नव्हतं. किनारा मागे पडला की मोबाइल मुके होतील. सामान खोलीत असेल आणि खोलीला कुलूप असेल, म्हणजे पिशव्या कुणाच्याच मांडीवर नसतील. एवढ्या एका कारणासाठी माझं मत जहाजाला आहे. रात्री वेंगुर्ल्याच्या समोरून जाताना खडकावरच्या दीपगृहाचा उजेड दिसला तर सासूबाईंना उठवायचं, असं नवऱ्याने कबूल केलं आहे. त्याला जाग येईल याची मला खात्री नाही, त्यामुळे गजर मी लावणार आहे.

मुलाचं काय, हा प्रश्न उरतो. आजीचे गुडघे थांबणार नाहीत हे खरं, पण आईसोबत रांगेत उभं राहायला तयार असण्याचं वयही फार टिकत नाही. म्हणून दोन्ही ठरवलं आहे. उन्हाळ्यात जहाज, दोनच रात्री, आतली बिनखिडकीची खोली, म्हणजे खिशालाही झेपेल. पार्क दिवाळी उलटल्यावर, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, शाळेला एक दांडी मारून. मे महिन्याच्या उन्हात खोपोलीला जाणं हा शहाणपणा नव्हे. पार्कला सासूबाई येणार नाहीत. “माका त्या बाकार बसूक नाका,” असं त्यांनी आपणहून सांगितलं, आणि आम्हीही उगाच आग्रह केला नाही.

त्या दिवशी मी ‘नायट्रो’त बसणार आहे. नवरा म्हणाला, मग पिशव्या कोण सांभाळणार? प्रश्न त्याने अगदी निरागसपणे विचारला. पार्कांत लॉकर भाड्याने मिळतात, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. तुमच्याकडेही या सुट्टीत असाच वाद चालू असेल आणि पार्कचा पक्ष जिंकणार असेल, तर दाराशीच लॉकर घ्या. भाडं जास्त वाटेल, तरी घ्या.