शेवटच्या टिंबापासून

जीएमआरटी डॉट एनसीआरए डॉट टीआयएफआर डॉट रेस डॉट इन. हे नाव एकदा उलटं, उजवीकडून डावीकडे वाचून बघा. ‘इन’ म्हणजे भारत. ‘रेस’ म्हणजे भारतातल्या संशोधन संस्था. मग मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, तिचं पुण्यातलं रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र, आणि सगळ्यात शेवटी नारायणगावजवळ खोडदच्या शिवारात आभाळाकडे तोंड करून उभी असलेली ३० डिशांची दुर्बीण. अख्खी वंशावळ एका ओळीत! आणि गंमत म्हणजे ‘इन’च्याही उजवीकडे आणखी एक टिंब असतं. आपण ते टाइप करत नाही, ब्राउझर ते दाखवत नाही, पण ते असतंच. ते टिंब म्हणजे रूट, जगातल्या सगळ्या नावांचं मूळ. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला धरून सांगत सुटले आहे.

आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात आणि माहिती विभागात मी काम करते. अलीकडे एक नवं काम आलं. वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांचा एक सामायिक प्रकल्प सुरू होतोय, त्याचं डोमेन नोंदवायचं आणि पुढे सांभाळायचं. अर्ज भरायचा, पैसे भरायचे, झालं, असं कुणालाही वाटेल. पण पहिल्याच बैठकीत प्रश्न आला, शेपूट कोणतं लावायचं? आणि त्या एका प्रश्नाने माझ्यापुढे केवढं जग उघडलं!

आपल्याकडे ‘एसी डॉट इन’, ‘ईडीयू डॉट इन’ आणि ‘रेस डॉट इन’ ही नावं अर्नेट इंडिया ही संस्था देते, तीही फक्त शैक्षणिक आणि संशोधन संस्थांना, कागदपत्रं तपासून. पण अनेक देशांच्या मालकीच्या प्रकल्पाला एकाच देशाचं शेपूट कसं लावणार? मग ‘डॉट इंट’ घ्या, असं कुणीतरी सुचवलं. मी नियम वाचायला घेतले. ‘डॉट इंट’ मिळतं ते फक्त देशादेशांमधल्या करारातून जन्मलेल्या संघटनांना. जागतिक आरोग्य संघटना, युरोपीय अवकाश संस्था अशा. तिथे पैसे टाकून नाव विकत घेता येत नाही, मागे करार हवा! स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या महादुर्बिणीचंच बघा. प्रकल्प आखणीत होता तेव्हा तिचं नाव ‘स्काटेलिस्कोप डॉट ऑर्ग’ होतं. मार्च २०१९ मध्ये रोमला करारावर सह्या झाल्या, २०२१ च्या जानेवारीत तो अमलात आला आणि वेधशाळेचं नाव झालं ‘एसकेएओ डॉट इंट’. पत्त्याचं शेपूट बदललं, त्यामागे देशांच्या सह्या होत्या! उलट सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेला वर्षानुवर्षं स्वित्झर्लंडचं ‘सीएच’ चालत होतं आणि २०१४ मध्ये त्यांनी थेट ‘डॉट सर्न’ हे स्वतःचंच शेपूट मिळवलं. आमच्यामागे ना करार ना सर्नचा दबदबा. आम्ही ‘डॉट ऑर्ग’ घेतलं.

नोंदणी करताना शिकलेली एक गोष्ट मात्र मला सर्वांना ओरडून सांगावीशी वाटते. संपर्काच्या रकान्यात माणसाचा ई-मेल कधीही घालू नका. प्रकल्पातली माणसं करारावर येतात, दोन-तीन वर्षांत निघून जातात, त्यांची खाती बंद होतात आणि नूतनीकरणाची सूचना त्या बंद खात्यावर जाऊन पडते. तिथे पदाचा पत्ता हवा, चार जण वाचतील असा. आणि तो पत्ता त्याच डोमेनवरचा नको! डोमेन बंद पडलं की ते बंद पडल्याचं सांगणारं पत्रही पोचणार नाही. किती साधी गोष्ट, आणि किती महत्त्वाची.

मग मी इतिहासात शिरले आणि तिथेच रमले. सुरुवातीला जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये होती, होस्ट्स डॉट टीएक्सटी. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, त्या नोंद करणार, मग ती फाइल सगळ्यांनी उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली आणि हे काम आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तोडगा काढला. एकाच जागी सगळी यादी ठेवायचीच नाही. प्रत्येकाने आपापला भाग सांभाळायचा आणि वरच्याने फक्त एवढंच सांगायचं की पुढचं कुणाला विचारा. एवढीच कल्पना, आणि आज सगळं इंटरनेट तिच्यावर चालतं!

जुन्या नोंदी चाळताना एका तारखेवर मी थबकले: १ जानेवारी १९८५. ‘नॉर्डू डॉट नेट’च्या नोंदणीची ही तारीख. पहिलं ‘डॉट कॉम’ नोंदलं गेलं त्या वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे त्याच्याही आधीची. आणि नॉर्डू म्हणजे कुठली कंपनी नव्हे, डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांचं सामायिक संशोधन जाळं! अमेरिकेबाहेरचा पहिला रूट सर्व्हरही याच जाळ्याने चालवला. बाजार येण्याआधी नावांच्या या पुस्तकात संशोधक हजर होते.

तेव्हा नावं कोणत्या बाजूने वाचायची हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. ब्रिटनच्या विद्यापीठांच्या जेनेट या जाळ्यात देश आधी लिहायचे, ‘यूके डॉट एसी डॉट यूसीएल डॉट सीएस’. शेवटचं ‘सीएस’ म्हणजे संगणकशास्त्र विभाग. पुढे चेकोस्लोव्हाकियाला ‘सीएस’ हेच शेपूट मिळालं, आणि असा पत्ता आला की तो लंडनच्या विभागाचा की प्रागचा, हे यंत्राला कळेना! शेवटी ब्रिटननेच आपला क्रम उलटा केला.

आणि आपलं ‘इन’? ८ मे १९८९ रोजी ते भारताच्या नावे लागलं आणि पुढची कितीतरी वर्षं ते सांभाळलं गेलं आपल्या मुंबईत, जुहूला, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीएसटीत. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शिक्षण-संशोधन जाळ्याच्या प्रकल्पात हे केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी होत्या. केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमणी यांना पुढे इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये मानाचं स्थान मिळालं. २००५ मध्ये ‘इन’ सर्वांसाठी खुलं होईपर्यंत देशाचं नाव जुहूहून चालत होतं. आमच्या ग्रंथालयात नव्वदच्या दशकातले शोधनिबंध आहेत. मी मुद्दाम काढून बघितले. लेखकांच्या नावांखाली बारीक टाइपात ‘आयआयटीबी डॉट अर्नेट डॉट इन’, ‘आयुका डॉट अर्नेट डॉट इन’. हे निबंध मी अनेकदा हाताळले होते, आता त्या पत्त्यांवरून बोट फिरवताना अंगावर काटा आला.

आता प्रत्यक्ष काम. आमच्या डोमेनच्या नोंदींची फाइल, म्हणजे झोन फाइल, हा जेमतेम एक पानभर मजकूर. वर एक अनुक्रमांक असतो: वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवशीचा कितवा बदल. फाइलमध्ये काहीही बदललं की हा आकडा वाढवायचा. इतर सर्व्हर फक्त तो आकडा बघतात; वाढला असेल तर नवी प्रत घेतात, नाहीतर ढुंकूनही बघत नाहीत. पूर्ण नावापुढचं शेवटचं टिंब इथे मात्र लिहावंच लागतं. ते राहिलं तर सर्व्हर त्याच नावाला आपलं डोमेन पुन्हा चिकटवतो. आमच्या डोमेनची दुसरी प्रत युरोपातल्या सहयोगी विद्यापीठाच्या सर्व्हरवर असते, म्हणजे आमची वीज गेली किंवा केबल तुटली तरी नाव जिवंत राहतं. आमच्या सर्व्हर रूममधल्या सरांनी मला पहिल्यांदा फाइल उघडून दिली. “आकडा वाढवा आणि लॉगकडे बघा,” म्हणाले. मी आकडा वाढवला, फाइल साठवली, सर्व्हरला कळवलं. क्षणात लॉगमध्ये ओळ उमटली: त्या विद्यापीठाच्या सर्व्हरने येऊन प्रत नेली होती. “सर, गेली!” मी खुर्चीतून उठलेच. “अहो, त्यांचीही प्रत आपल्याकडे असते,” सर म्हणाले. विद्यापीठं अशी एकमेकांची नावं सांभाळतात, बहुतेकदा एक पैसा न घेता, आणि ही प्रथा इंटरनेटच्या लहानपणापासूनची आहे. मला हे फार मोठं वाटतं.

एज्युरोम या विद्यापीठांच्या सामायिक वायफाय सोयीबद्दल तर किती सांगू, तीही डोमेनवरच चालते! पुण्याचा विद्यार्थी अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठात लॅपटॉप उघडतो आणि वायफाय आपोआप जोडलं जातं. कसं? त्याच्या आयडीतला ‘अ‍ॅट’नंतरचा भाग म्हणजे त्याच्या संस्थेचं डोमेन. डच सर्व्हर शेवटचं ‘इन’ बघतो आणि विनंती युरोपच्या वरच्या सर्व्हरकडे देतो, तिथून ती आशियाकडे, मग भारताच्या सर्व्हरकडे आणि शेवटी त्याच्या स्वतःच्या संस्थेकडे जाते. संस्था म्हणते, हो, हा आमचाच. पासवर्ड वाटेत कुणालाही दिसत नाही. नेदरलँड्समध्ये २००२ च्या सुमारास निघालेली ही कल्पना आज शंभराहून अधिक देशांत चालते आहे. आणि आमच्या ‘डॉट ऑर्ग’चं काय? त्यात देशच नाही, मग विनंती जाणार कुठे? उत्तर पुन्हा डोमेनमध्येच आहे. त्या डोमेनच्या नोंदींत एक खास ओळ घालायची, आमची चौकशी या सर्व्हरकडे करा, अशी. ती ओळ वाचायची सोय असलेला सर्व्हर मग वरचा जिना न चढता थेट येतो.

पुढचं काम डीएनएससेकचं, म्हणजे आमच्या नोंदी खऱ्याच आहेत याची हमी देण्याचं. आमच्या नोंदींवर डिजिटल सही करायची आणि त्या सहीच्या किल्लीचा ठसा वरच्या ‘ऑर्ग’कडे नोंदवायचा. आमची हमी ‘ऑर्ग’ देणार, ‘ऑर्ग’ची हमी रूट, म्हणजे ते शेवटचं टिंब. रूटवर जुलै २०१० पासून सही आहे. तिच्या किल्ल्यांचा समारंभ वर्षातून अनेकदा अमेरिकेत होतो, कधी व्हर्जिनियात, कधी कॅलिफोर्नियात. निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक त्यासाठी प्रवास करून येतात, तिजोऱ्या उघडतात, आणि हे सगळं कुणालाही व्हिडिओवर बघता येतं. पुढचा समारंभ थेट बघायचा असं मी ठरवलंय. त्याआधी आमच्या किल्ल्या तयार करून ठेवायच्या आहेत, आणि सरांनी या वेळी कीबोर्ड माझ्याकडे द्यायचं कबूल केलंय.