जुलैच्या दुपारचं अंतर

देरा, दुबई
बुधवार, रात्र

ती. दादास सा. न.

पाय दुखताहेत, म्हणून आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटचं टोकन इतक्यात देऊ नकोस. किंमत स्वस्त वाटते हे खरं, पण इथलं घर चौरस फुटांवर जोखू नये. जुलैतल्या भर दुपारी गाडीशिवाय तिथून कुठे पोचता येतं, ते पाहावं. इथे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायला सरकारनेच बंदी केली आहे. अशा उन्हात 'स्टेशन चालत दहा मिनिटं' या वाक्याला काय अर्थ उरतो? ठाण्यात आपल्या वर्तकनगरला तरी कुठे स्टेशन आहे, असं तू म्हणशील. पण आपल्या नाक्यावर रिक्षा मिळते, टीएमटी मिळते. इथे रिक्षा नाही. घर आणि स्टेशन यांच्यामध्ये बस आहे, आणि ती थांब्यापासून थांब्यापर्यंतच नेते. अर्ध्या तासाच्या आत बदलली तर बस आणि मेट्रो मिळून एकच प्रवास धरतात, ही सोय मात्र उत्तम आहे.

मेट्रोबद्दल तक्रार करायला फारशी जागाच नाही. साध्या नोल कार्डावर एका झोनला 3 दिरहम, दोन झोनना 5, त्यापुढे साडेसात. चालकाशिवाय धावते, थंडगार असते. डब्यात खाल्लं-प्यायलं तर 100 दिरहम दंड. आईला हे आधीच सांगून ठेव, ती पिशवीतून लाडू काढणारच. विमानतळाच्या टर्मिनल 1 आणि 3 ला स्टेशन आहे, 2 ला नाही. रविवारी पहिली गाडी सकाळी आठला. विमानाची तिकिटं काढताना हे दोन्ही बघा.

शुक्रवार, सकाळी

परवा डोळे मिटायला लागले, पत्र अर्धंच राहिलं. तू म्हणशील, तिथे निळी मेट्रो येणार आहे, मग आत्ता घेऊन भाव वाढू द्यावा. ही मार्गिका नकाशावर 30 किलोमीटरची, 14 स्टेशनांची आहे. इंटरनॅशनल सिटीतून जाते आणि 9 सप्टेंबर 2029 ला सुरू करण्याचं ठरलं आहे. इथे मेट्रोच्या तारखा आपल्यापेक्षा पुष्कळ पाळल्या जातात, हेही मान्य. पण 9 सप्टेंबर 2009 ला लाल मार्गिका उघडली तेव्हा 29 पैकी 10 स्टेशनंच सुरू होती. बाकीची पुढे हळूहळू उघडली. मार्गिकेची तारीख म्हणजे आपल्या दाराजवळच्या स्टेशनची तारीख नव्हे. कल्याणला 2018 च्या डिसेंबरात मेट्रो 5 चं भूमिपूजन झालं, ते आठवून बघ. शिवाय येणाऱ्या मेट्रोचे पैसे विकणारा आजच्या भावात धरूनच बसलेला असतो. वर जमीन खात्याची 4 टक्के फी, त्यामुळे पटकन विकून मोकळं होता येत नाही.

आई-बाबा तर थंडीतच येणार, त्यांना उन्हाशी काय देणंघेणं, ही वहिनीची शंका रास्त आहे. पण उरलेले आठ-नऊ महिने तिथे भाडेकरू राहणार. तो भाडं किती देईल ते जुलै ठरवतो, डिसेंबर नाही. गाडी घेतली तरी सालिकच्या, म्हणजे टोलच्या, प्रत्येक कमानीखाली 4 दिरहम, गर्दीच्या वेळी 6, पार्किंग वेगळं. आणि बाबांनी इथे गाडी चालवावी असं तुलाही वाटत नसेल.

म्हणून माझा कल डिस्कव्हरी गार्डन्सकडे आहे. तिथलं स्टेशन आज चालू आहे. जागा लहान मिळेल, आणि शहराच्या जुन्या भागापासून लांब पडेल, हे कबूल. दलालाकडून इमारतीचं नाव आणि क्रमांक मागवून घे. दार ते स्टेशन, वाटेत सावली कुठे आणि बसचा थांबा कुठे, हे मी परतण्याआधी दुपारी एकला चालून कळवते. बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला का? आणि उपवनला पाऊस पडला का, तेही लिही.

तुझी,
धाकटी