रिकामी टाकी, चालू पंप

टाकी जितकी भरलेली तितका आगीचा धोका जास्त, अशी आपली सर्वांची समजूत असते. विमानाच्या बाबतीत ती उलटी आहे. द्रव इंधन पेटत नाही, पेटते त्याची वाफ, तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. भरलेल्या टाकीत वाफेला आणि हवेला जागाच नसते. तळाशी थोडेसे इंधन उरलेले आणि वर नुसती पोकळी, अशी तापलेली टाकी सगळ्यात वाईट. प्रवासी विमानांत जेट ए-1 हे केरोसीनच्या जातीचे इंधन वापरतात. साधारण 38 अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातून पेट घेण्याइतकी वाफ सुटू लागते. नागपूरला एप्रिलच्या दुपारी सावलीतही पारा याच्या वर असतो.

मग उरते ती फक्त ठिणगी. किती मोठी? एका ज्यूलच्या हजाराव्या भागाचा पाव हिस्सा ऊर्जा पुरते. एवढी ठिणगी बोटाला जाणवतही नाही.

*

17 जुलै 1996. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून टीडब्ल्यूए कंपनीचे 800 क्रमांकाचे विमान रात्री 8 वाजून 19 मिनिटांनी पॅरिसकडे निघाले. बोइंग 747, पंचवीस वर्षे वापरातले. बाराव्या मिनिटाला लाँग आयलंडच्या किनाऱ्यापुढे समुद्रावर त्याचे तुकडे झाले. 230 जण गेले, एकही वाचला नाही.

आधी बॉम्बचा संशय आला, मग क्षेपणास्त्राचा. समुद्रतळावरून अवशेष काढून कॅल्व्हर्टनच्या एका हँगरमध्ये विमानाचा सांगाडा तुकड्या-तुकड्याने पुन्हा उभारला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला अंतिम निष्कर्षापर्यंत यायला चार वर्षे लागली. स्फोट झाला होता पोटाखालच्या मधल्या टाकीत, ज्याला विमानवाले सेंटर टँक म्हणतात. सुमारे 13,000 गॅलन मावणाऱ्या त्या टाकीत जेमतेम 50 गॅलन इंधन होते. टाकीच्या थेट खाली वातानुकूलनाची यंत्रे. उड्डाणाआधी ती जमिनीवर सुमारे अडीच तास चालली होती आणि त्यांच्या उष्णतेने वरची टाकी तापली होती.

ठिणगी नेमकी कुठून आली, हे मंडळाने शपथेवर सांगितले नाही. इंधनाची पातळी मोजणाऱ्या तारांतून विजेचा जास्तीचा दाब आत शिरला असावा, ही त्यांना सर्वांत संभवनीय वाटलेली वाट. या टाकीच्या तळातले उरलेसुरले इंधन उपसणारा एक लहान पंप मात्र समुद्रातून मिळालाच नाही. 230 माणसांच्या मृत्यूच्या चौकशीत एक पंप हाताला लागत नाही आणि प्रश्नाचे एक टोक कायमचे मोकळे राहते. पंप विमानात असतानाच उघडून बघितला पाहिजे, नंतर बघायला तो असेलच असे नाही.

*

हे पंप टाकीच्या आतच, इंधनात बुडलेले असतात. इंजिनाकडे इंधन ढकलणे हे त्यांचे काम, आणि तेच इंधन त्यांना थंडही ठेवते, बेअरिंगला वंगणही पुरवते. आपल्याकडे ज्यांच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये पाणबुडी मोटर आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पाणी खाली गेले आणि मोटर कोरडी फिरत राहिली की ती जळते, म्हणून शेतकरी स्टार्टरला ड्राय रन प्रिव्हेंटर बसवतो. फरक इतकाच की विहिरीत मोटर जळाली तर मोटरच जाते.

विमानाच्या पंपाचे आवरण आतली ठिणगी बाहेर जाऊ नये अशा बेताने बनवलेले असते. ज्योत अडवणारे मार्ग असतात, तापमान वाढले तर वितळून प्रवाह तोडणारा फ्यूज असतो. टाकीतल्या कुठल्याही पृष्ठभागाचे तापमान सुमारे 204 अंशांच्या वर जाऊ नये, असा संकेत आहे, कारण त्याच्या थोडे पुढे वाफ ठिणगीशिवायच पेटते. कागदावर हे संरक्षण उत्तम आहे. पण बेअरिंग झिजते, फिरणारे पाते आवरणाला घासते, तारेचे वेष्टन कंपनाने उडते. यातले काहीही कॉकपिटमधल्या दिव्यावर दिसत नाही. इंधन पोचते आहे, दाब बरोबर आहे, म्हणजे पंप चांगला आहे असे वैमानिकाला वाटते, आणि तसे वाटण्यात त्याची काही चूक नाही.

म्हणूनच ही तपासणी तक्रार आल्यावर करायची नसते. तक्रार येणारच नसते.

*

मनिला, 11 मे 1990. फिलिपाइन एअरलाइन्सचे बोइंग 737 गेटपासून मागे ढकलले जात असताना सेंटर टँकचा स्फोट झाला. आठ जण गेले. विमान वर्षभराचेही नव्हते. टाकी दोन महिने भरली गेली नव्हती, पंप चालू होते.

बँकॉक, 3 मार्च 2001. थाई एअरवेजचे बोइंग 737 गेटवर उभे होते. पंतप्रधान थाक्सिन शिनावात्रा थोड्याच वेळात त्यात चढणार होते, त्यामुळे घातपाताची बातमी वाऱ्यासारखी पसरली. एका विमान कर्मचाऱ्याचा जीव गेला. बॉम्ब नव्हता. वातानुकूलन यंत्रे सतत चालू होती, सेंटर टँक जवळजवळ रिकामी होती आणि तिच्यातले पंप कोरडे फिरत होते.

दोन्ही ठिकाणी उन्हाळा, दोन्ही ठिकाणी विमान जमिनीवर. 737 च्या वैमानिकांसाठी त्यानंतर जो नियम आला तो मला फार बोलका वाटतो: दाब घटल्याचे दिवे बघायला कॉकपिटमध्ये माणूस हजर नसेल तर सेंटर टँकचे पंप चालू ठेवायचे नाहीत. पुढे पंप आपोआप बंद करणारी यंत्रणाही आली. पण त्या आधीची काही वर्षे विमान आणि स्फोट यांच्या मध्ये एका माणसाची नजर होती.

*

सक्तीची तपासणी कशी येते? विमान ज्या देशात घडले तिथले नियामक उड्डाणयोग्यता आदेश काढतात. हँगरमध्ये सगळे त्याला ‘एडी’च म्हणतात. त्यात कुठले विमान, कुठला भाग, काय बघायचे, काय सापडले तर काय करायचे आणि किती उड्डाणतासांच्या किंवा महिन्यांच्या आत, हे सगळे लिहिलेले असते. फार तातडीचा असेल तर कधी कधी मुदत एवढीच: पुढच्या उड्डाणाआधी. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, हे आदेश इथल्या विमानांना बंधनकारक करते. लॉगबुकात नोंद नाही, परवानाधारक इंजिनिअरची सही नाही, तर विमान उडत नाही.

मे 1998 मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, एफएएने, 50,000 तासांहून अधिक उडालेली बोइंग 737 विमाने तपासणी होईपर्यंत जमिनीवर ठेवायला लावली. पंखातल्या पंपांकडे जाणाऱ्या विजेच्या तारा टाकीतूनच एका ॲल्युमिनियमच्या नळीत जातात. वर्षानुवर्षांच्या कंपनाने त्या तारांचे वेष्टन नळीच्या आत घासून गेलेले सापडले. काही ठिकाणी तांबे उघडे पडले होते, आणि एका विमानात ठिणग्यांनी नळीलाच भोक पडून इंधन आत झिरपले होते. ही विमाने आदल्या दिवशीपर्यंत रोज प्रवासी घेऊन उडत होती.

ऑगस्ट 2002 चा आदेश वेगळा. हायड्रो-एअर कंपनीच्या काही पंपांत जोडणी करतानाच तारा चुकीच्या जागी बसल्या होत्या आणि त्या फिरत्या भागाला घासत होत्या. म्हणजे दोष म्हातारपणाचा नव्हता, जन्माचा होता. 737, 747 आणि 757 ही विमाने त्यात आली, एकट्या अमेरिकेत सुमारे 1,400. बाहेरून काही दिसणे शक्य नव्हते, म्हणून पंपांचे एक्स-रे काढायचे ठरले. ते होईपर्यंत काय? पंप बुडलेला राहील इतके इंधन टाकीत ठेवूनच उडायचे. ते जास्तीचे इंधन जाळण्यासाठी नव्हते, ते पंपावरचे पांघरूण होते. त्याच्या वजनापायी कंपन्यांना पैसे मोजावे लागले. मोजले, कारण मोजणे भाग होते.

*

टाकीतली तपासणी हे अंगमेहनतीचे काम आहे. आधी इंधन काढायचे, मग तासन् तास हवा खेळवायची, मग वायुमापकाने आत किती वाफ उरली ते बघायचे. दिवा ठिणगी न उडवणारा, कपडे सुती, खिशात काहीही नाही. मोठ्या विमानाच्या टाकीत माणूस अंग चोरून एका छोट्या झाकणातून शिरतो, बरगड्यांमधून सरपटतो आणि पाठीवर पडून टॉर्चच्या उजेडात तारा बघतो. बाहेर दुसरा माणूस फक्त त्याच्यासाठी उभा असतो, त्याने जागा सोडायची नसते. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेले आणि एआयईएसएल ही विमान-देखभाल कंपनी चालवत असलेले देखभाल केंद्र आहे, मुंबईत जुने हँगर आहेत. अशा जागी विमान दुरुस्तीचे शिक्षण घेतलेली आपली मुले-मुली रात्रपाळीला हेच काम करतात. वैमानिकाचे फोटो छापून येतात, यांचे येत नाहीत. मला तो अन्याय वाटतो.

*

टीडब्ल्यूएच्या चौकशीच्या निमित्ताने इतरही अनेक विमानांच्या टाक्या उघडून बघितल्या गेल्या. स्टील वूलचे धागे, धातूचा कीस, बांधायच्या तारेचे तुकडे, सुटलेले नट असे काय काय आत निघाले. पातळी मोजणाऱ्या काड्यांवर आणि त्यांच्या तारांवर गंधकाच्या संयुगाचे वीजवाहक थर जमले होते. टाकी एकदा बंद झाली की तिच्यात काही बिघडत नाही, हा विश्वास तिथे संपला.

2001 मध्ये एफएएने एसएफएआर 88 हा नियम आणला. प्रत्येक उत्पादकाने आपली इंधनव्यवस्था नव्याने तपासायची, ठिणगीची प्रत्येक शक्य जागा शोधायची आणि तिथल्या देखभालीच्या मर्यादा लिहून द्यायच्या. पंपाची तार किती अंतरावर आणि कुठल्या पट्टीने बांधायची इथपर्यंतच्या गोष्टी आता ‘बदलायला मनाई’ या यादीत आहेत. देखभाल करणाऱ्यांना इंधनटाकी सुरक्षेचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, आपल्याकडेही.

या नियमातला विचार मला पटतो. काल दुरुस्ती करणाऱ्याने सोयीसाठी तार दोन बोटे सरकवली, तर त्याला ते निरुपद्रवी वाटेल. वीस वर्षांनी घासून उघडी पडणारी तार तीच असेल.

*

नायट्रोजनचा उपाय. ठिणगी पूर्ण टाळता येत नाही हे मान्य केले, की दुसरा रस्ता उरतो: हवेतला प्राणवायूच कमी करायचा. साध्या हवेत तो 21 टक्के असतो, टाकीत 12 टक्क्यांच्या खाली आणला की वाफ पेटत नाही. लष्करी विमानांत हे आधीपासून होते. प्रवासी विमानांसाठी ते फार महाग आणि जड पडेल असे उद्योग सांगत राहिला. मग एफएएच्याच संशोधकांनी पोकळ धाग्यांच्या पडद्यातून हवा गाळून नायट्रोजन वेगळा करणारी सुटसुटीत यंत्रणा करून दाखवली. नियम आला जुलै 2008 मध्ये. न्यूयॉर्कच्या स्फोटाला तेव्हा बारा वर्षे झाली होती.

*

सूचना आणि आदेश यांतले अंतर किती असते, ते आपण अलीकडेच पाहिले. विषय पंपाचा नव्हे, इंधन नियंत्रण स्विचचा. त्यांच्या लॉकबद्दल एफएएने डिसेंबर 2018 मध्ये एक पत्रक काढले होते, पण ते सल्ल्यापुरते. जून 2025 च्या अहमदाबादमधील एअर इंडिया विमानाच्या अपघातानंतर आपल्या चौकशी विभागाच्या प्राथमिक अहवालात नोंद आली की ती तपासणी एअर इंडियाने केली नव्हती, कारण ती सक्तीची नव्हती. अपघाताचे कारण त्या लॉकमध्ये होते असे सिद्ध झालेले नाही, आणि नंतरच्या तपासणीत आपल्या ताफ्यातील लॉकमध्ये दोष आढळला नाही असे कंपनीने सांगितले. हे दोन्ही लक्षात ठेवूनच मी पुढचे म्हणतो. 14 जुलैला डीजीसीएने आदेश काढला, 21 जुलैची मुदत दिली, आणि साडेसहा वर्षे न झालेली तपासणी आठवड्यात झाली. कुठल्याही कंपनीला ती अशक्य नव्हती, परवडणारीही होती. फक्त कोणी तारीख घातली नव्हती.

*

बंगळुरू, 4 मे 2006. ट्रान्समाइल या मलेशियन कंपनीचे बोइंग 727 मालवाहू विमान जमिनीवर असताना त्याच्या डाव्या पंखातल्या टाकीचा स्फोट झाला. जीवितहानी झाली नाही. पंपाकडे जाणारी तार ॲल्युमिनियमच्या नळीत घासून उघडी पडली होती. 1998 मध्ये 737 मध्ये सापडलेलाच दोष, दुसऱ्या विमानात, आठ वर्षांनी, आपल्या जमिनीवर.

नायट्रोजनची 2008 ची सक्ती प्रवासी विमानांपुरती आहे. जुन्या मालवाहू विमानांना ती यंत्रणा बसवायला तिने भाग पाडले नाही, त्यांत प्रवासी नसतात म्हणून. पण त्यांत वैमानिक असतात, खाली उभे राहून माल भरणारे हमाल असतात, आणि ती विमाने शहरांवरूनच उडतात. जिथे नायट्रोजन नाही, तिथे ठिणगी आणि वाफ यांच्या मध्ये पंपाची आणि तारेची वेळेवर झालेली तपासणी हीच काय ती आहे. मालवाहतूक वाढते आहे, जुनी प्रवासी विमाने मालवाहू होऊन आपल्या विमानतळांवर उतरत आहेत. त्यांच्या पंपांच्या तपासणीची मुदत एका दिवसानेही वाढवून देऊ नये, आणि टाक्यांबद्दल येणाऱ्या प्रत्येक सल्ल्याला डीजीसीएने तारीख घालून त्याचा आदेश करावा.