कपाटांना रंग: गन की रोलर?

शाबान महिना लागला की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये रंगकामाचा विषय निघतोच. रमजान तोंडावर आलेला असतो, ईदला पाहुणे येणार असतात आणि वर्षभर दुर्लक्षिलेल्या भिंती अचानक डोळ्यांत खुपू लागतात. भिंतींचं लवकर ठरतं. सगळे अडतात ते लाकडी कपाटांपाशी. स्प्रे मारून घ्यायचा की रोलर फिरवायचा? गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरी आला, तेव्हा तो नुसता दिसण्याचा राहिला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं घर सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, हॉल आणि एका खिडकीचं स्वयंपाकघर. ओट्याच्या खाली आणि वर मिळून कपाटांची चौदा दारं. चौकटी सागवानी, दारं प्लायवूडची, वर वीस वर्षांपूर्वीचा आकाशी ऑइल पेंट. बिजागऱ्यांपाशी तो पोपडे धरू लागला होता आणि शेगडीच्या वरच्या दारांवर फोडणीचा चिकट थर बसला होता. घरात माझ्या सासूबाई आहेत. त्यांना आम्ही अम्मी म्हणतो. त्यांना दमा आहे, पंप उशाशी असतो. आणि दिराची दीड वर्षांची मुलगी, जी दिवसभर फरशीवर असते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते.

माझा खालाजाद भाऊ फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये रंगारी आहे. त्याचा हात फार चांगला. दारं बघून तो म्हणाला, "आपा, गन मारेंगे तो शोरूम जैसा दिखेगा. रोलर का काम मैं नै करता."

त्याचं म्हणणं पोकळ नव्हतं. स्प्रेच्या गनमधून रंग बारीक तुषार होऊन बसतो. ब्रशच्या रेघा नाहीत, रोलरची रवाळी नाही. दारांना नक्षी किंवा खाचा असतील तर त्यांच्या कोपऱ्यापर्यंत रंग सारखा पोचतो. हात पातळ मारायचे, घाईने जाड मारला की ओघळ येतात, हे त्याला डोळे झाकून जमतं. चौदा दारं तो एका दिवसात उडवू शकतो.

पण गनमधून निघालेला सगळा रंग लाकडावर बसत नाही. बराचसा हवेत उडतो आणि मग भांड्यांवर, टाइल्सवर, पंख्याच्या पात्यांवर बसतो. म्हणून आधी सगळं स्वयंपाकघर प्लास्टिक आणि टेपने झाकावं लागतं. रंग उडवता यावा म्हणून त्यात थिनर घालतात, त्याच्या वाफा घरभर जातात. वर्कशॉपमध्ये आजकाल पीयू जास्त चालतो. त्यात दोन डबे एकत्र करतात. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांचे तुषार श्वासात गेले तर धडधाकट कामगारालाही दमा लागू शकतो. ज्याला आधीच दमा आहे, त्याच्या खोलीशेजारी हे करणं मला पटेना.

तो म्हणाला, मग दारं काढून वर्कशॉपला नेतो, चौकटी तेवढ्या इथे रोलरने करू. हा मार्ग चांगला आहे आणि बरेच लोक तोच निवडतात. माझ्या मनात दोन गोष्टी आल्या. गनने रंगवलेलं दार आणि रोलरने रंगवलेली चौकट शेजारी शेजारी वेगळी दिसते, हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा जास्त खोल होता. माझा हा भाऊ गेली दोन वर्षं खोकतोय. काम करताना नाकावर रुमाल बांधतो. रुमाल धूळ थोडीफार अडवतो, वाफ अडवत नाही. माझ्या घरातला वास मी नेऊन त्याच्या छातीत भरणार, एवढाच त्या तडजोडीचा अर्थ होता.

हे मी त्याला सरळ सांगितलं. त्याला राग आला. खोकल्याचा विषय काढला म्हणून आला, आणि रोलर म्हणजे शिकाऊ पोरांचं काम असं तो मानतो म्हणूनही आला. "लोगां क्या बोलेंगे आपा, भाई रंगारी और बहन के घर में रोलर?" कारागिराची इज्जत ही लहान गोष्ट नाही. मी म्हटलं, मजुरी तू गनच्या कामाची घे, दिवस लागतील तितके लाव, पण रोलरने असं करून दाखव की लोकांनी विचारावं, कुठून मारून आणलं. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, चार इंची फोमचा रोलर आण, केसाळ आणू नको.

खरं काम रंगाच्या आधीचं असतं, मग गन असो वा रोलर. दारं काढली. प्रत्येक दाराच्या बिजागरीखाली आणि चौकटीवर मी पेन्सिलीने एकच नंबर लिहिला, म्हणजे परत बसवताना गोंधळ नको. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढला, स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून दारं वाळवली. तेलावर कुठलाच रंग टिकत नाही.

घासण्याबाबत मात्र मी हट्ट धरला. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या वर असू नये, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017पासून लागू झाला. आमचा आकाशी रंग त्याच्या कितीतरी आधीचा. जुना रंग कोरडा घासला की त्याची धूळ फरशीवर बसते, आणि फरशीवर आमची दीड वर्षांची बाळ. शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. म्हणून सगळं घासकाम गच्चीवर, वॉटर पेपरने, ओलं ठेवून केलं. चौकटी घरातच होत्या, त्या घासल्या त्या दिवशी अम्मी आणि बाळ दोघींना नणंदेकडे पाठवलं. फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसली आणि ती फडकी फेकून दिली.

मग खड्डे लांबीने भरले, प्रायमरचा एक हात, वर पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलचे दोन हात. मराठीतलं रोगण आणि उर्दूतलं रोगन हा एकच फारसी शब्द, अर्थ तेल. आम्ही मात्र तेलाचा रंग टाळला. त्याचा वास दिवसचे दिवस राहतो, आणि पांढरा असेल तर बंद कपाटाच्या आत तो पिवळा पडतो. दारांच्या दोन्ही बाजू धरून साधारण 84 चौरस फूट भरले, चौकटी वेगळ्या. दोन हातांना तीन लिटर रंग पुरून थोडा उरला.

सोलापूरच्या उन्हात पाण्याचा रंग फार झपाट्याने सुकतो आणि रोलरचे ठसे उठतात. म्हणून काम सकाळी लवकर आणि असरनंतर. तो आधी कोपरे ब्रशने घ्यायचा, मग रोलर फिरवायचा, आणि ओला असतानाच कोरडा ब्रश एकाच दिशेने हलकेच ओढायचा. दोन हातांच्या मध्ये बारीक कागदाने अलगद घासणं. पाच दिवस लागले. जवळ डोळा नेला तर संत्र्याच्या सालीसारखी किंचित रवाळी दिसते. हातभर अंतरावरून दिसत नाही. अम्मींना त्या दिवसांत पंप जास्त वेळा घ्यावा लागला नाही.

ज्यांची दारं काढून हवेशीर वर्कशॉपला जाणार आहेत, नक्षीदार आहेत आणि जिथे रंगाऱ्याला योग्य मास्क मिळतो, त्यांनी खुशाल स्प्रे करावा. तो सुंदरच दिसतो. पण घरात माणसं राहत असताना, एका खिडकीच्या खोलीत, माझं मत रोलरला. शिवाय परवा शेगडीजवळच्या दाराचा कोपरा कुकर लागून उडाला. उरलेल्या डब्यातून माझ्या मुलाने छोट्या ब्रशने तो दहा मिनिटांत भरला. गनचं काम असतं तर पूर्ण दार काढावं लागलं असतं.

ईदला मी भावाला ईदी म्हणून वाफ अडवणारा, काडतुसांचा मास्क दिला. वापरतो का, हे मी भेटेल तेव्हा विचारते. कधी हो म्हणतो, कधी म्हणतो घाम येतो. मी विचारणं सोडलेलं नाही.