कुठे काय दिसावं

लग्नपत्रिका छापायला टाकताना घरात सगळ्यात जास्त चर्चा कशावर होते? मुहूर्तावर नाही, कार्यालयावर नाही. ती होते बाजूच्या नावांवर. आशीर्वादाच्या रांगेत कोण, निमंत्रकांत कोण, व्यवस्थापक मंडळात कोण, आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांत एखाद्या भाचीचं नाव राहून तर नाही ना गेलं! मधला मजकूर सगळ्या पत्रिकांत सारखाच असतो. माणसं तो नजरेखालून घालतात आणि कडेचं मात्र बारकाईने वाचतात.

आमच्या घरची वेबसाईट सांभाळताना मला हे फार वेळा आठवतं. घराण्याच्या दोन शाखा, एक साताऱ्यात, एक सांगलीत. दोघींची मिळून वर्डप्रेसवर चालणारी ही साईट. जुने फोटो, वंशावळ, लग्नं-मुंजी, आजीच्या हातच्या पाककृती, कुळाचाराच्या नोंदी असा सगळा ऐवज तिथे आहे. मधल्या मजकुरावरून आजवर कुणीही मला फोन केलेला नाही. जे काही फोन येतात ते कडेच्या पट्टीवरून. :)

या कडेच्या पट्टीला साईडबार म्हणतात आणि तिच्यात बसवलेल्या चौकटींना विजेट. वर्डप्रेस २००३ साली आलं तेव्हा विजेटं नव्हती. पट्टीत काही बदलायचं तर थीमची फाईल उघडून कोडमध्ये हात घालावा लागे. २००६ मध्ये त्यासाठी प्लगिन आलं आणि मे २००७ मध्ये २.२ या आवृत्तीपासून विजेटं वर्डप्रेसमध्येच आली. चौकट माऊसने उचला, पट्टीत नेऊन सोडा, झालं काम. ज्यांना कोडची भीती वाटत होती अशा असंख्य लोकांना त्या दिवशी स्वतःच्या घरातलं सामान स्वतः हलवता यायला लागलं.

पण या सोयीचा एक स्वभाव आहे. पट्टीत ठेवलेली चौकट, ती पट्टी जिथे जिथे असेल तिथे सगळीकडे दिसते. मधला मजकूर पानागणिक बदलतो, पट्टी तीच राहते. बातम्या किंवा शोधाची चौकट असेल तर यात काही बिघडत नाही. पण घरच्या साईटवर?

आजोबा गेले त्या वर्षी काकांच्या सांगण्यावरून पट्टीत त्यांचा फोटो आणि खाली चार ओळींची श्रद्धांजली लावली होती. वर्ष सरलं, घरात आतेबहिणीचं लग्न ठरलं आणि केळवणाचे फोटो साईटवर चढले. दुसऱ्या दिवशी सांगलीहून आत्याचा फोन.

"अरे, फोटो छान आलेत. पण शेजारी आबांना हार घातलेला फोटो दिसतोय. व्याह्यांकडची मंडळी बघतायत. तो काढ म्हणत नाही मी, माझेच वडील आहेत ते. पण तिथं नको."

काढ म्हणत नाही, पण तिथं नको. वर्डप्रेसमधला एक अख्खा विषय आत्याने एका वाक्यात सांगून टाकला. प्रश्न चौकट ठेवायची की काढायची हा नसतोच. ती कुठे दिसावी, हा असतो.

याची उत्तरं अनेक आहेत. पहिलं म्हणजे वेगवेगळ्या पानांना वेगवेगळ्या पट्ट्या. थीम बनवणाऱ्याला हव्या तितक्या पट्ट्या नोंदवता येतात आणि सांगलीच्या पानाने सांगलीची पट्टी मागवायची, साताऱ्याच्या पानाने साताऱ्याची, असं ठरवता येतं. दुसरं उत्तर म्हणजे प्रत्येक चौकटीलाच एक अट घालणं. 'विजेट लॉजिक' नावाचं एक जुनं प्लगिन आहे, ते चौकटीखाली एक रिकामी जागा देतं. तिथे अट लिहायची. अट खरी ठरली तर चौकट दिसणार, नाहीतर नाही. २०१३ मध्ये जेटपॅकने हीच सोय कोड न लिहिता, यादीतून निवडण्याच्या रूपात आणली.

या अटी म्हणजे मजेशीर प्रकरण आहे. 'इज_पेज' म्हणजे हे स्थिर पान आहे का? 'इज_सिंगल' म्हणजे ही एकटी नोंद आहे का? 'इज_फ्रंट_पेज' म्हणजे साईटचा दर्शनी दरवाजा, आणि 'इज_होम' म्हणजे ताज्या नोंदी जिथे लागतात ते पान. नावावरून दोन्ही एकच वाटतात, पण दर्शनी पान वेगळं नेमलं असेल तर दोन्ही वेगळी होतात. वाड्याचा दिंडीदरवाजा आणि माजघर जसं वेगळं, तसं. दोन उभ्या रेघा म्हणजे 'किंवा'. आणि अटीच्या आधी उद्गारचिन्ह दिलं की झाला नकार. आत्याच्या फोननंतर आजोबांच्या चौकटीला मी असंच एक उद्गारचिन्ह लावलं: लग्नकार्याच्या वर्गातलं पान असेल तर नको, बाकी सगळीकडे असू दे.

आणखी एक गंमत. सांगलीच्या पानाला घातलेली अट त्याच्या पोटातल्या पानांना आपोआप लागत नाही. बापाच्या घराचा पत्ता मुलांना लागतोच असं नाही, त्यांचं वेगळं विचारावं लागतं. यासाठी पानाचा वरचा पालक कोण हे तपासणारी आणखी एक ओळ लिहावी लागते.

हे सगळं जमल्यावर मोठ्या काकांनी सुचवलं, "आता साताऱ्याचं साताऱ्यात आणि सांगलीचं सांगलीत दिसू दे. सरमिसळ नको." ऐकायला किती सोपं! मी कागद घेऊन बसलो आणि पहिल्याच अर्ध्या तासात अडकलो.

कारण ही दोन नावं वेगळी झाली तीच मुळी काल-परवा. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख एकत्र करून जो जिल्हा झाला त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. 'सांगली जिल्हा' हे नाव आलं १९६० मध्ये. आमच्या पणजोबांच्या कागदपत्रांवर तालुका वाळवा, जिल्हा सातारा आहे. ते गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. कोणत्या पट्टीत लावू?

घरातल्या मोठ्यांनी सांगितलेल्या बेचाळीसच्या आठवणींचं पान आहे. त्या प्रतिसरकारला सगळा महाराष्ट्र साताऱ्याचं प्रतिसरकार म्हणतो. पण नाना पाटलांचं गाव येडेमच्छिंद्र आणि जी. डी. बापू लाडांचं कुंडल, दोन्ही आज सांगली जिल्ह्यात. यशवंतराव चव्हाण १९१३ साली देवराष्ट्रे इथे जन्मले. ते गाव आज सांगली जिल्ह्यात येतं आणि त्यांची समाधी आहे कराडच्या प्रीतिसंगमावर, म्हणजे सातारा जिल्ह्यात. एका माणसाचं आयुष्य जिल्ह्याच्या रेघेने दोन पट्ट्यांत कापायचं कसं? यंत्राला 'हो' किंवा 'नाही' यातलं एक उत्तर लागतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गोष्टी 'दोन्ही' असतात. शेवटी अशा पानांना मी 'किंवा'च्या दोन उभ्या रेघा दिल्या आणि पुढे गेलो. कंदी पेढे आणि भडंग यांच्या चौकटी मात्र सुखाने आपापल्या घरी गेल्या, त्यांचं काही भांडण नव्हतं.

पण खरा पेच पडला तो पुराच्या चौकटीवरून.

आत्याचं घर सांगलीच्या गावभागात, नदीपासून फार लांब नाही. २००५ चा पूर तिने पाहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, यावरून काय झालं असेल याचा अंदाज यावा. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली, तीही त्याच आठवड्यात. आत्या आणि तिचे यजमान वेळेत साताऱ्याला आले म्हणून बरं. त्यानंतर घरात ठरलं की पावसाळ्यात साईटवर पुराची एक चौकट हवी.

काका म्हणाले, "सांगलीच्या पानांवर लाव. साताऱ्यात कुठे पूर येतो?"

मी म्हटलं, "काका, येत नाही, पण जातो इथूनच की!"

कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला. वाईवरून येते, माहुलीला वेण्णा घेते, कराडला कोयना घेते आणि मग भिलवडी, औदुंबर करत सांगलीला पोचते. पुढे हरिपूरला वारणा मिळते. कोयना धरण पाटण तालुक्यात, त्याची साठवण सुमारे १०५ टीएमसी. सांगलीच्या पुराचा बराचसा भाग आधी सातारा जिल्ह्यातला पाऊस असतो. साताऱ्याच्या माणसाला तो दाराबाहेर दिसतो आणि सांगलीच्या माणसाला तो उद्या-परवा भेटणार असतो. मधला तेवढा वेळच काय तो हातात. मग चौकट कुणाला दिसायला हवी? ज्याच्या घरात पाणी येणार त्याला, की ज्याने फोन करून "निघा आता" म्हणायचं आहे त्याला?

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सगळीकडे लाव."

सगळीकडे लावणं सोपं, पण त्यातही दोन गोष्टी कळायला हव्यात. एक म्हणजे आमचे नातेवाईक साईट बघतात मोबाईलवर. मोठ्या पडद्यावर उजवीकडे असणारी पट्टी मोबाईलवर बहुतेक थीममध्ये मजकुराच्या खाली घसरते. म्हणजे पुराची चौकट वंशावळ, फोटो सगळं ओलांडून तळाशी. तिथवर कोण जातंय? म्हणून ती पट्टीत न ठेवता मजकुराच्या वरच्या जागेत ठेवली. दुसरी गोष्ट कॅशची. पानं लवकर उघडावीत म्हणून त्यांची तयार प्रत साठवून ठेवलेली असते आणि तीच पाहणाऱ्याला दिली जाते. आपण आकडा बदलला तरी कुणाला तासापूर्वीचा दिसू शकतो. एरवी काही बिघडत नाही, पण चढत्या पाण्यात तासापूर्वीचा आकडा माणसाला घरात बसवून ठेवतो. शिळी भाकरी चालते, शिळी पाणीपातळी चालत नाही. म्हणून त्या चौकटीत मी आकडा ठेवलाच नाही. ताजी पातळी जाहीर होते त्या सरकारी पानाचा दुवा दिला. आणि खाली एक यादी: कुणाकडे वरचा मजला आहे, कुणाकडे गाडी आहे, रात्री कुणाला उठवलं तर चालेल. ही यादी जगाला दाखवायची नाही, म्हणून तिला वेगळी अट: साईटवर लॉग इन केलेल्या घरच्या माणसालाच दिसेल.

पुढे योगायोग बघा. वर्डप्रेसची ५.८ ही आवृत्ती आली २० जुलै २०२१ ला आणि तिने विजेटांचा सगळा पडदाच बदलला. जुन्या चौकटींच्या जागी ब्लॉक. ज्यांना जुनंच हवं त्यांच्यासाठी 'क्लासिक विजेट्स' हे प्लगिन वर्डप्रेसनेच दिलं होतं. पण मी काहीच केलं नाही. कौलं शाकारायची ती मिरगाच्या आधी, भर आषाढात कुणी वर चढत नाही. २३ जुलैच्या सकाळी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. साताऱ्यात पूर येत नाही म्हणणारे काका त्या दिवशी टीव्हीसमोरून उठले नाहीत. सांगलीत पाणी पन्नास फुटांच्या वर चढलं. या वेळी आत्याला फोन काकांनीच केला, चौकटीतली यादी बघून, आणि ती पाणी चौकात यायच्या आधीच निघाली. नवीन आवृत्ती आम्ही दिवाळीनंतर घेतली.

आता वर्डप्रेसमध्ये पट्टीची सक्तीच राहिलेली नाही. जानेवारी २०२२ च्या ५.९ पासून, नव्या प्रकारची थीम असेल तर, पानाचा प्रत्येक भागच ब्लॉकने रचता येतो. सोय वाढली तशी ठरवायची जबाबदारीही वाढली. कारण काय कुठे दाखवता येतं हे तंत्र सांगतं, काय कुठे दाखवावं हे घरातल्या माणसांनाच विचारावं लागतं. आत्याने ते केळवणाच्या फोटोंवरून सांगितलं, काकांनी पुरावरून.

वर्डप्रेसमधली मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे 'इनॲक्टिव्ह विजेट्स'. पट्टीतून काढलेली चौकट तिथे टाकली की ती नाहीशी होत नाही, आतल्या मजकुरासकट जपून राहते. आपल्या जुन्या घरातला माळाच म्हणा ना. पुराची चौकट पाऊस संपला की तिथे जाते. आजोबांची चौकट मात्र आता वर्षातून एकदा उलट प्रवास करते. पितृपंधरवड्यात त्यांच्या तिथीला ती सगळ्या पानांवर लागते, त्या दिवशी कुठलीही अट नसते. तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, त्यामुळे हे काम यंत्रावर सोपवलेलं नाही. आदल्या रात्री आत्याचा फोन येतो, "उद्या आहे बरं का."